दोन वर्षांची माती

माणसाचं अखेरचं विश्रांतिस्थान म्हणजे साडेसहा फूट माती, आणि एकदा तिथं निजलेल्याला पृथ्वीवरची कोणतीही सत्ता उठवू शकत नाही. मरोळच्या आमच्या दफनभूमीत ही मुदत दोन वर्षांची आहे.

दफनभूमी जुनी, माणसं मरतात नवी नवी, आणि जागा तेवढीच. म्हणून दोन वर्षं झाली की चर्चच्या दारातल्या फलकावर कबरींचे क्रमांक लागतात. पावसाच्या आत त्या उघडतात. हाडं काढून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात, किंवा घरच्यांनी तसं सांगितलं तर कोपऱ्यातल्या सामायिक विहिरीत सोडतात. मोकळी झालेली जागा पुढच्याला मिळते. ज्यांच्या घराण्याची कायमची कबर आहे त्यांना ही धावपळ नाही. त्यांच्यावर संगमरवरी देवदूत उभे असतात. त्यातला सर्वांत मोठा देवदूत एका कंत्राटदाराच्या वडिलांवर उभा आहे. तो इटलीहून आणवला असं घरचे सांगतात. तो बोरिवलीच्या एका कारखान्यात घडताना माझ्या नवऱ्यानं स्वतः पाहिला होता. पंख नंतर बसवले, असं तो म्हणाला. आधी तो नुसता हात वर केलेला माणूस होता, बस थांबवत असल्यासारखा.

मे महिना आला की हे सगळं आठवतं, आणि मे महिना मला कॅलेंडरच्या आधी घशाला कळतो. आमच्या गावठाणात या दिवसांत बाटलीचा मसाला होतो. अंगणात तीन दगडांची चूल, तिच्यावर मातीची कढई, मिरची, धणे, तीळ, खसखस, वेगवेगळं भाजायचं, आणि मग उखळात दोघी समोरासमोर उभ्या राहून कुटायचं. कुटलेला मसाला काळ्या बाटल्यांत ठासून भरायचा, वर्षभरासाठी. मिरची भाजायला घेतली की अख्खी गल्ली शिंकते. आज सकाळपासून मी शिंकते आहे. शाळेला सुट्टी आहे, मागच्या पडवीत खुर्ची टाकून बसले आहे, आणि समोर जिथं पूर्वी भातशेत होतं तिथं पत्र्याच्या छपराखाली कसले तरी बोल्ट तयार होतात. त्या बोल्टांचा आवाज आणि उखळाचा आवाज एकमेकांत असे मिसळतात की कोणता कोणाचा ते सांगता येत नाही.

तो मे असाच होता. इनासला जाऊन दोन वर्षं आणि काही आठवडे झाले होते.

इनास माझा नवरा. मरोळच्या एका वर्कशॉपमध्ये नकाशे काढायचा, म्हणजे यंत्रांचे. रात्रीचं जेवण झालं, हात धुवायला मोरीत गेला, आणि नळ वाहत राहिला. थोड्या वेळानं मी ओरडले, "नळ बंद कर, पाणी जातंय." मी त्याच्याशी बोललेलं शेवटचं वाक्य हेच. पुढं पुष्कळ दिवस मी ते वाक्य जरा बरं करता येईल का, असा विचार करत असे.

फलकावर त्याचा क्रमांक लागला तेव्हा मी मिस्साहून, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या उपासनेहून, बाहेर पडत होते. आमच्या फलकाची एक गंमत आहे. डाव्या बाजूला कबरींची सूचना असते आणि उजव्या बाजूला ठरलेल्या लग्नांची नावं. लग्नाच्या नावांखाली ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं, की कोणाला हरकत असल्यास फादरना कळवावं. अठरा वर्षं आधी याच फलकावर उजवीकडे आमची नावं होती. मी वसईची, इथं कोणी मला ओळखत नव्हतं, त्यामुळे हरकत आली नाही. आता तो एकटाच डावीकडे आला होता, आणि तिकडे हरकतीविषयी काही लिहिलेलं नव्हतं.

घरी आले तर रेजिनबाय, माझी मोठी नणंद, चुलीपाशी धणे भाजत होती. तिला आधीच कळलं होतं. गावठाणात फलक वाचायला फलकापाशी जावं लागत नाही.

"तू नको जाऊ," कढईतून नजर न काढता ती म्हणाली. "मी जाते."

"का?"

"बायकोनं बघायचं नसतं. आईनं नाय, बायकोनं नाय. बहिणीचं चालते."

"हे कोणी ठरवलं?"

"कोणी ठरवायला कशाला पायजे? तसाच हाय. बायको गेली का मग तो सपनात येते."

"दोन वर्षं वाट बघतेय, रेजिनबाय. एकदा तरी येऊ दे."

तिनं कढई खाली उतरवली. "तुझ्याशी बोलायचं म्हणजे भितीवर डोकं आपटायचं. तो कसा राह्यला सोळा वर्षं, देवाला ठाऊक."

तो कसा राहिला हे मलाही कोडंच होतं. मी वाचणारी बाई. शाळेत भूगोल शिकवते. एखादी गोष्ट कशी होते हे कळल्याशिवाय मला ती गिळता येत नाही. इनासला असला त्रास नव्हता. तो देवावर विश्वास ठेवायचा तो छत्री बरोबर ठेवल्यासारखा. आकाशाकडे बघत नसे, दारामागची छत्री उचलून निघे. मी लग्नानंतर पहिल्यांदा त्याच्यासमोर शंका काढल्या तेव्हा मला वाटलं होतं, भांडण होईल. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बरं झालं. तू शंका घे. मी विश्वास ठेवतो. घरात दोन्ही कामं झाली पाहिजेत."

ही वाटणी आम्ही सोळा वर्षं पाळली. मी भात रांधला तर तो मासे साफ करायचा, मी शंका घेतल्या तर तो प्रार्थना म्हणायचा, आणि दिवसाअखेरी घरात काही कमी पडलंय असं वाटत नसे. तो गेल्यावर त्याच्या वाट्याची बाकीची कामं मी उचलली. छपरावर चढून कौलं बघितली, विजेच्या फ्यूजमध्ये तार घातली, रेशनच्या रांगेत उभी राहिले. हे एक काम मात्र तसंच पडून राहिलं.

मला सोयीची होती ती लॅटिन. लहानपणापासून मिस्सा लॅटिनमध्ये ऐकली. त्यातलं अक्षर कळत नसे, त्यामुळे अविश्वास कशावर दाखवायचा हा प्रश्न नव्हता. मग वरून हुकूम आला आणि साठच्या दशकाच्या मध्यावर मिस्सा मराठीत झाली. सगळ्यांना आनंद झाला. मला पहिल्यांदा कळलं की मी गेली तीस वर्षं कशाकशाला होकार देत होते. तरी मी म्हणत राहिले, कारण शेजारी इनास खड्या आवाजात म्हणत असे आणि माझा आवाज त्याच्याखाली झाकून जाई. तो गेल्यानंतरच्या पहिल्या रविवारी श्रद्धेची घोषणा म्हणताना देह पुन्हा उठतील, ही ओळ आली आणि मी थांबले. ठरवून नाही. घास अडकावा तशी. पुढच्या ओळीला पुन्हा सुरू झाले. मग दर रविवारी तसंच. दोन वर्षं मी त्या एका ओळीला गप्प बसत होते. कोणाच्या लक्षात आलं नसावं. श्रद्धेच्या घोषणेत लोक एकमेकांकडे बघत नाहीत.

आता तोच देह बघायला ये, असं फलक सांगत होता. म्हणून मला जायचं होतं, आणि म्हणूनच जायची भीती वाटत होती. हाडं बघितली तर ती ओळ कायमची गेली, असं मनात होतं. न बघितली तर आयुष्यभर न बघितल्याच्या जोरावर ती म्हणायची, हेही पटत नव्हतं.

मी फादरकडे गेले. तरुण होते, वसईचेच, त्यामुळे बोलणं सोपं. त्यांच्या ऑफिसात पंखा होता पण तो कागद उडतात म्हणून बंद ठेवत. आम्ही दोघं घाम पुसत परलोकाविषयी बोललो.

"फादर, इनासच्या डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट वरून तुटलेलं होतं. यंत्रात गेलं होतं. उठताना ते परत मिळेल का?"

"टीचर, उठलेला देह परिपूर्ण असतो. त्यात उणीव नसते."

"म्हणजे मिळेल."

"मिळेल म्हणायला हरकत नाही."

"मग मी त्याला ओळखायचं कशावरून? अंधारात, गर्दीत, जत्रेत, मी त्याचा हात त्या बोटावरून ओळखायची. पाच पूर्ण बोटं घेऊन एखादा माणूस समोर आला आणि म्हणाला मी इनास, तर मी का मानावं?"

फादरनी कपाळ पुसलं. वाईट माणूस नव्हते. "ओळखण्याची रीतच तिथं वेगळी असेल."

"आणि तिथं लग्न नसतं म्हणतात. नवरा नाही, बायको नाही."

"तसं आहे खरं. प्रभूलाही कोणीतरी हेच विचारलं होतं. एका बाईचे सात नवरे एकामागून एक वारले, तर ती तिथं कोणाची?"

"त्या बाईला कोणी विचारलं का, तिला कोण हवा?"

त्यांनी टेबलावरचे कागद सारखे केले. मग म्हणाले, "नाही. तिला कोणी विचारल्याचं लिहिलेलं नाही." आणि आणखी थोड्या वेळानं, "टीचर, माझी आई गेली तेव्हा मी सेमिनरीत फादर व्हायला शिकत होतो. मलाही उत्तरं पाठ होती."

या एका वाक्यासाठी मी त्यांना पुष्कळ माफ केलं. मी उठले तेव्हा त्यांनी विचारलं, "तुम्ही येणार आहात का, कबर उघडताना?" मी म्हटलं, अजून ठरलं नाही. ते म्हणाले, "मी असेन." आणि पंखा लावायला उठले.

मे महिन्यात आमच्याकडे खुरसाचे सण असतात. गावठाणात चव्हाट्यावर दगडी खुरूस, म्हणजे क्रूस, उभे आहेत; त्यांना रंग देतात, झेंडूच्या माळा घालतात आणि संध्याकाळी त्यांच्यासमोर लदीन म्हणतात. लदीन म्हणजे संतांची नावं घेत गाऊन केलेली प्रार्थना. एक जण नाव घेतो, बाकीचे आमच्यासाठी विनंती कर म्हणतात, आणि संत भरपूर आहेत. शेवटी उकडलेले चणे. इनास लदीनमध्ये खालच्या पट्टीत गायचा आणि अर्धी मात्रा मागं असायचा. त्यामुळे सगळे थांबले तरी त्याचं एक अक्षर उरायचं, आणि पोरं हसायची.

त्या वर्षी मी जाऊन उभी राहिले. चण्यांसाठी आलेय, असं स्वतःला सांगितलं. विमानतळ आमच्यापासून हाकेवर आहे, आणि संध्याकाळी विमानं अगदी डोक्यावरून जातात. विमान आलं की लदीन थांबते. गाणारा तोंड उघडं ठेवून उभा राहतो, सगळे वर बघतात, मग आवाज ओसरला की थांबल्या संतापासून पुढं. मी त्या वर वळलेल्या चेहऱ्यांकडे बघत राहिले. एखादा परका माणूस त्या क्षणी गल्लीत शिरला असता तर त्याला वाटलं असतं, काय ही श्रद्धा. सगळे विमानाची चाकं बघत होते.

पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, आणि तिनं मला बेचैन केलं. विमान गेल्यावर सगळे पुन्हा सुरू झाले, एकत्र थांबले, आणि शेवटी काहीच उरलं नाही. ते मागं राहणारं अक्षर नव्हतं. दोन वर्षं मी घरात, शाळेत, बाजारात त्याचं नसणं हाताळत होते. ते खुर्चीएवढं, ताटाएवढं, उशीएवढं असायचं. इथं ते एका अक्षराएवढं होतं आणि मला ते पेलवेना. मी चणे न घेता घरी आले. रेजिनबाय वाटी झाकून मागून घेऊन आली.

"खा," ती म्हणाली. "मी पण ऐकलं."

"काय?"

"काय म्हणजे काय. नाय ऐकलं, तेच ऐकलं." ती उंबऱ्यावर बसली. "सकाळी सातला उघडणार हायत. शुक्कुरवारी. चल तू. सपनात आला तर मना पण सांग."

शुक्रवारी आम्ही दोघी गेलो. फादर आले होते, साध्या पांढऱ्या झग्यात, हातात पवित्र पाण्याचं भांडं. खणणारा गणपत, मालवणकडचा, आधी पवईच्या दगडखाणीत होता. धर्मानं हिंदू. आमच्या गावच्या सगळ्या ख्रिस्ती लोकांना त्यानंच पुरलं होतं आणि त्यानंच बाहेर काढलं होतं, त्यामुळे पुनरुत्थानाचा व्यावहारिक अनुभव आमच्यात त्यालाच सर्वांत जास्त. माती तापायच्या आत काम संपवायचं म्हणून तो सहापासून खणत होता. कमरेइतका आत गेला होता. मला बघून त्यानं डोक्याचं फडकं सोडलं.

"बाईनू, तुम्ही हकडे नको. थंय सावलीत उभ्या ऱ्हवा."

"इथंच बरी आहे."

"आमच्यात बरा," तो पुन्हा फावडं घेत, स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "तीन तासात सगळा मोकळा. तुमची लोकां बसवून ठेवतत."

फावडं लाकडावर लागलं. त्याचा आवाज मला वाटला होता तसा नव्हता. जुन्या पेटीवर कोणी टिचकी मारावी, तेवढाच. गणपतनं हातानं माती बाजूला केली, कुजलेल्या फळ्या एकेक करून उचलल्या आणि काठावर ठेवल्या. मग तो थांबला. वाकून बघत राहिला. फादर पुढं झाले आणि तेही बघत राहिले.

मी काठाशी गेले. कोणी अडवलं नाही.

चेहऱ्यावर गणपतनं आधीच गोणपाट टाकलं होतं, त्याबद्दल मी त्याची ऋणी आहे. मला दिसली ती पँट. करड्या टेरिलीनची पँट आणि त्याच कापडाचा कोट. अंधेरीच्या एका शिंप्याकडून त्यानं चुलतभावाच्या लग्नासाठी शिवून घेतलेला सूट, आणि त्यातच आम्ही त्याला निरोप दिला, कारण त्याच्याकडे त्याहून चांगलं काही नव्हतं. त्या काळी टेरिलीनचं सगळ्यांना वेड होतं. धुवा, झटका, वाळत घाला, इस्त्री नको. शिंपी कापडावर हात फिरवत इनासला म्हणाला होता, "साहेब, माणूस जाईल, क्रीज जाणार नाही." आम्ही हसलो होतो. मातीत दोन वर्षं राहून पँटचा रंग जरा उतरला होता. दोन्ही पायांवरून क्रीज सरळ खाली गेली होती, त्यानं आपल्या ड्रॉइंग बोर्डवर पट्टी ठेवून आखावी तशी.

"झाला नाय," गणपत म्हणाला. "ह्या कापडात काय होणा नाय. पाणी आत जाणा नाय, किडो आत जाणा नाय. सुती असता तर कधीच झाला असता. आणखी एक पावस जावंदे."

"म्हणजे?" रेजिनबायनं विचारलं.

फादर घसा साफ करत म्हणाले, "म्हणजे अजून तयार नाही. पुन्हा बंद करावी लागेल. पुढच्या वर्षी."

रेजिनबाय खड्ड्याकडे बघत उभी राहिली. मग तिनं पदर तोंडावर घेतला, आणि तिचे खांदे हलायला लागले. मी तिला धरायला गेले तर ती हसत होती.

"लहानपणापासून असाच," ती म्हणाली. "मिस्साची घंटा झाली, सगळे दारात उभे, बाप शिव्या देते, आणि हा आत पँट घालते. कवा म्हणजे कवा वेळेवर तयार नाय झाला."

मग मलाही आवरेना. गणपतनं पाठ फिरवली. दुःखाचे सगळे प्रकार त्यानं पाहिले असणार, आणि हा त्यातलाच एक समजून तो मातीच्या ढिगाकडे गेला. फादर भांडं धरून तसेच उभे राहिले. थोड्या वेळानं त्यांनी पाणी शिंपडलं, तेवढ्यापुरती प्रार्थना म्हटली. पुन्हा बंद करण्यासाठी वेगळी प्रार्थना नसते, त्यांनी पुरतानाचीच म्हटली. एका माणसाला दोनदा पुरणारी बायको आमच्या गावात मीच असेन.

घरी येईपर्यंत मला कळत नव्हतं की मला नक्की काय वाटतंय. मी हाडं बघायची तयारी करून गेले होते. हाडांसमोर काय म्हणायचं, त्यानंतर त्या ओळीचं काय करायचं, याची दोन-तीन उत्तरं तयार ठेवली होती. मृत माणूस पुन्हा येतो का, एवढाच प्रश्न आहे असं मी धरून चालले होते. तो धड जातो तरी कधी, हे मी विचारलंच नव्हतं. माझ्या वाचनात त्या दुसऱ्या प्रश्नावर कोणी फारसं लिहिलेलं आढळलं नाही. विद्वानांनी कबरी उघडून बघितल्या नसाव्यात.

रविवारी मिस्साला गेले. ती ओळ आली आणि मी ती म्हटली. देहाचं काय होतं ते मला आदल्या रविवारपेक्षा जास्त कळलं होतं असं नाही. उलट जे कळलं होतं ते सगळं टेरिलीनविषयी होतं. विश्वास वाटला म्हणूनही म्हटली नाही. दोन वर्षं त्याच्या वाट्याचं काम पडून होतं आणि ते करणारा अजून तयार होत होता, म्हणून म्हटली. बाकीच्यांपेक्षा थोडी मागं राहिले, सवय नव्हती. शंका घ्यायचं माझं कामही मी सोडलेलं नाही. आता दोन्ही मीच करते, आणि सांगायला हरकत नाही, एकाच माणसानं करण्यासारखी ही कामं नाहीत. रविवारी एक करावं तर दुसरं सोमवारी चुलीवर उतू जातं.

अंगणात मिरची संपलेली दिसते. आता तीळ भाजतायत, वास गोडसर आहे. रेजिनबायनं मघाशी हाक मारली होती, बाटल्या उन्हात ठेव म्हणून. ती आता थकली आहे, कुटत नाही, खुर्चीवर बसून दुसऱ्यांच्या कुटण्याला नावं ठेवते. सपनात आला का, असं ती मला अजून मधूनच विचारते. नाही म्हटलं की तिला बरं वाटतं आणि वाईटही वाटतं. तिच्याही नाही आला.

त्या शुक्रवारनंतरच्या पुढच्या मे महिन्यात कबर पुन्हा उघडली. या वेळी सगळं रीतसर झालं, हाडं धुऊन कोनाड्यात ठेवली, फादरनी योग्य ती प्रार्थना म्हटली, आणि रेजिनबाय हजर होती. मी नव्हते. बोर्डाचे भूगोलाचे पेपर तपासायला मला दादरला बसवलं होतं, आणि परीक्षकांना रजा मिळत नाही.